राखून ठेवलेली दाढ

फोन वाजला की ड्रीमा पहिल्या घंटीला कधी उचलायची नाही. लगेच उचलला तर लोकांना वाटतं आपण रिकामे बसलोय, असं तिचं म्हणणं. पेन केसांत खोचायची आणि मग तेच पेन टेबलभर शोधायची. बूट टेबलाखाली काढून ठेवायची. पेशंटला नावाने न बोलावता त्याच्या खोऱ्याच्या नावाने बोलवायची, "ब्रशी फोर्क, चला आत." शिंक आली तर माफी मागायची, शिवी आली तर मागायची नाही. गेल्या वसंतापासून कॉफी पार थंड झाल्याशिवाय तोंडाला लावत नव्हती. सफरचंद चिरून खायची, बारीक बारीक फोडी करून, डाव्या बाजूने. मला वाटलं, वय झालं.

ड्रीमा स्टॅम्पर अठ्ठावन्न वर्षांची होती. पूर्व केंटकीतल्या आमच्या दातांच्या दवाखान्यात ती पुढच्या टेबलावर बसायची आणि मी तिच्या शेजारी. ऑगस्टमध्ये ती गेली. दाढेने गेली. दाढेने माणूस मरतो हे मला माहीत नव्हतं.

मी साहित्य शिकून गावी परत आले तेव्हा दुसरी नोकरी नव्हती. पहिल्या दिवशी तिने मला नाव विचारलं, शिक्षण विचारलं आणि नाव तिथल्या तिथे टाकून दिलं.

"चार वर्षं गोष्टी वाचायला पैसे भरलेस?"

"हो."

"मला फोन करायचा होतास. फुकट सांगितल्या असत्या." मग फोन माझ्याकडे सरकवला. "घे कादंबरी, उचल. दुसऱ्या घंटीला."

तेव्हापासून मी कादंबरी. डॉकसुद्धा मला तेच म्हणायला लागले.

डॉक म्हणजे डॉक्टर टॅकेट. वय एकाहत्तर. साऱ्या काउंटीत दात बघणारा एवढा एकच माणूस. त्यांचा उजवा हात थरथरतो. सकाळी कमी, दुपारनंतर जास्त. ड्रीमा नाजूक कामं सकाळी लावायची आणि दात उपटण्याची कामं दुपारी. हाताबद्दल दवाखान्यात कोणी बोलत नव्हतं. तिच्या वेळापत्रकातून सगळ्यांना कळत होतं.

डॉक थांबले की काउंटीत कोणीच उरणार नाही. पुढचा दंतवैद्य डोंगराच्या पलीकडे, आणि तो आमच्या लोकांची सरकारी विम्याची कार्डं घेत नाही. म्हणून ती शिकाऊ जागा. दर जुलैत कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला एक दंतवैद्य आमच्याकडे यायचा आणि वर्षभर डॉकच्या हाताखाली शिकायचा. इथे शिकेल, इथली माणसं ओळखीची होतील, मग इथेच राहील, असा हिशोब. पाच आले. पाचही गेले. एकीच्या नवऱ्याला इथे काम मिळेना. एकाला शिक्षणाचं कर्ज फेडायचं होतं. एक म्हणाला, इथे फार शांत आहे.

लोकांनी त्यांची नावं शिकणं सोडून दिलं होतं. नुसतं 'यंदाचा' म्हणायचे. यंदाचा कुठला? यंदाची बरी आहे का? ड्रीमाला याचा संताप यायचा. ती त्यांची आडनावं पूर्ण म्हणायची, कितीही अवघड असोत.

"ज्याचं नाव घेत नाही त्याच्याकडून राहायची अपेक्षा कशी करता?" ती पेशंटला विचारायची.

"राहत नाहीत म्हणून तर घेत नाही, ड्रीमा."

"मग बसा दोघं एकमेकांची वाट बघत."

फेब्रुवारीत या शिकाऊ जागेच्या तपासणीला एक बाई आल्या. चांगल्या होत्या, हळू बोलायच्या. आमच्याकडे वाईट बातमी घेऊन येणारे सगळे असेच हळू बोलतात. त्या म्हणाल्या, शिकाऊला सगळ्या प्रकारचं काम मिळायला हवं. तुमच्याकडे नुसते दात उपटले जातात. रूट कॅनाल जवळजवळ नाहीत. पुढच्या वर्षीही असंच राहिलं तर जागा दुसरीकडे द्यावी लागेल.

ड्रीमा म्हणाली, "बाई, इथे लोक दात वाचवायला येत नाहीत. दुखणं संपवायला येतात."

"ते मला समजतं," बाई म्हणाल्या.

"समजत असेल तर बरं. मला सत्तावन्न वर्षं लागली."

खरंच होतं ते. ड्रीमाच्या आईचे सगळे दात लग्नाआधी काढून तिला कवळी बसवली होती, चांगले दात धरून. बापाने मुलीला दिलेला तो आहेर होता. जावयाला पुढे खर्च नको. फोटोत ती नवरी हसते आहे, आणि सगळे दात एका मापाचे आहेत. आता तसं कोणी करत नाही, पण मनातून ते गेलेलं नाही. दात म्हणजे आज ना उद्या जाणारी गोष्ट. दुखला की उपटा. सगळे उपटले की सुटलो.

बाई गेल्यावर ड्रीमाने कामाला सुरुवात केली. फोनवर, दारात, चर्चच्या पायऱ्यांवर ती लोकांची तोंडं उघडून बघायची. ज्याचा दात वाचण्यासारखा, त्याला म्हणायची, राखून ठेव. जुलैत नवी येतेय, मोजणार ते तिचंच वर्ष, तिच्यासाठी राखून ठेव. डॉकना हे पसंत नव्हतं.

"ड्रीमा, हे काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला?"

"तुम्ही तात्पुरतं बुजवून द्या, डॉक. थोडे महिने काढतील."

"दुखत नसेल तरच. सूज नसेल तरच. दुखलं की त्याच दिवशी माझ्याकडे."

"माहीत आहे."

"तोंडाने नको म्हणू. पाळ."

तिने पाळलं. एकाही पेशंटला तिने दुखणं घेऊन थांबू दिलं नाही. मधुमेहात सूज झपाट्याने पसरते, म्हणून मधुमेहवाल्यांना तर तिने राखणीत घेतलंच नाही. ड्रीमाला स्वतःला मधुमेह होता.

तरी एक अडचण होतीच. राखलेले दात वरच्या खोऱ्यातले जास्त, आणि वरचं खोरं हॉबर्टकाकांच्या तोंडाकडे बघून चालतं. हॉबर्ट कॉडिल, जुने खाणकामगार. त्यांनी नव्या पाद्र्याच्या हातून बाप्तिस्मा घेतला तेव्हा खोऱ्याने घेतला. त्यांनी नवा दवाखाना म्हणजे फसवणूक म्हटलं तेव्हा दोन वर्षं कोणी आलं नाही. आमच्याकडे नव्या माणसाच्या हाताखाली आधी आपल्यातल्या कोणालातरी जावं लागतं. ते धड परतलं की बाकीचे जातात. हे कोणी ठरवलेलं नाही. खाणीत असंच होतं आणि खाणी बंद पडल्या तरी असंच आहे.

मे महिन्यात आम्ही त्यांच्या पडवीत जाऊन बसलो. गाडी मी चालवली. त्यांनी आम्हाला बीन्स आणि मक्याचा ब्रेड वाढला. ड्रीमाने ब्रेड बीन्सच्या पाण्यात बुडवून मऊ करून खाल्ला.

"शिकाऊ पोरीच्या हातात माझं तोंड?" हॉबर्टकाका म्हणाले. "मी शिकाऊ फोरमनच्या हाताखाली खाणीत उतरलो नाही कधी."

"उतरला होतात. माझा बाप होता तो."

"तुझा बाप वेगळा."

"तो तुमच्याच जिवावर शिकला, काका. तुम्हीच सांगायचात, पहिल्या आठवड्यात त्याने छताला टेकू उलटा लावला म्हणून."

हॉबर्टकाका हसले. त्यांचे पुढचे दात चांगले आहेत. मागच्या दोन दाढांना रूट कॅनाल लागणार, असं डॉकनी सांगितलं होतं.

"त्यापेक्षा सगळे काढून टाका की. डॉकना म्हणावं, एका दुपारी मोकळं करा मला."

"आणि उद्या डॉकच नसले तर तुमच्या नातवंडांचं कोण करणार? पक्कड घेऊन तुम्ही?"

"माझ्या आजोबांनी केलंय पक्कड घेऊन."

"म्हणून तर ते बोळके होते."

हॉबर्टकाकांनी ताटल्या गोळा केल्या. मग म्हणाले, "आधी तू बस. तुझी आहे ना एखादी दाढ? तू त्या पोरीच्या खुर्चीतून जिवंत उठलीस तर मी बसतो. मी बसलो की हे वरचे सगळे येतील."

"आहे माझी एक," ड्रीमा म्हणाली. "ठरलं."

परतताना मी विचारलं, "खरंच आहे?"

"खालची, उजवीकडची. अगदी रूट कॅनालच्या मापाची."

"दुखते?"

"कादंबरी, रस्ता बघ."

जून संपला. पाचवा शिकाऊ गेला. त्याला ड्रीमाने शेवटच्या दिवशी थरांचा सफरचंदी केक दिला, तो त्याने गाडीच्या टपावर ठेवला आणि विसरून तसाच निघाला. आम्ही दारातून बघत होतो. केक वळणापर्यंत गेला आणि तिथे पडला. ड्रीमा म्हणाली, "निदान तो तरी राहिला इथे."

नवीचं नाव डॉक्टर लिंडक्विस्ट. मिनेसोटाची. ड्रीमा तिच्याशी फोनवर बोलायची. कोणता रस्ता घ्यायचा, खोली कुणाकडे, पावसाळी बूट कसे हवेत. जुलैच्या पहिल्या सोमवारी तिची खुर्ची पुसून ठेवली. ती आली नाही. तिचा परवान्याचा कागद कुठल्यातरी टेबलावर अडकला होता. परवान्याशिवाय तिला कुणाच्या तोंडात हात घालता येत नव्हता. मग पुढचा सोमवार. मग त्याच्या पुढचा. ड्रीमा रोज परवान्याच्या कचेरीत फोन लावायची. तिकडून सांगायचे, प्रक्रिया चालू आहे.

"कुणाची प्रक्रिया चालू आहे?" ती विचारायची. "नाव सांगा त्या माणसाचं. मी त्याच्या आईशी बोलते."

राखलेल्यांपैकी दोघांचं दुखायला लागलं. तिने त्यांना त्याच दिवशी डॉककडे पाठवलं. दोन केसेस गेल्या. तिचा चेहरा पडला, पण पाठवलं. स्वतःला मात्र तिने पाठवलं नाही. डॉक पलीकडच्या खोलीत होते. मधे एक भिंत आणि एक दार, तेही बहुतेक वेळ उघडंच. डॉकनी तासाभरात केलं असतं, सकाळच्या वेळी, हात स्थिर असताना. पण डॉकनी केलेली दाढ हॉबर्टकाकांच्या काय कामाची? डॉकच्या हाताखाली तर ते आत्ताही बसायला तयार होते. ती दाढ शिकाऊच्या हाताचीच हवी होती.

ती नणंदेकडच्या उरलेल्या गोळ्या घेत होती, हे मागाहून कळलं. कोणत्या, किती, नणंदेलाही नीट सांगता आलं नाही. आमच्याकडे प्रत्येक घरात अशी एक उरलेली बाटली असते.

ऑगस्टमध्ये एका शुक्रवारी ती गळ्याला रुमाल गुंडाळून आली. बाहेर अंगाची लाही होत होती.

"हे काय?"

"मान अवघडलीय."

तिचा आवाज जड होता. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा. मी म्हटलं, डॉकना दाखव. ती म्हणाली, सोमवारी कागद येतोय, कचेरीतल्या एकाने नाव सांगून कबूल केलंय. तिला त्याचा आनंद झाला होता. त्या माणसाचं नाव मिळालं याचाच जास्त.

सोमवारी ती आली, पण बसली नाही. टेबलाला धरून उभी राहिली. लाळ गिळता येत नव्हती, म्हणून हातात कागदी रुमालांचा गठ्ठा. डॉक बाहेर आले. तिच्या हनुवटीखाली त्यांनी हात ठेवला. त्यांचा चेहरा बदललेला मी पाहिला.

"फळीसारखं झालंय हे," ते म्हणाले. "कधीपासून?"

तिने हाताने काहीतरी केलं. थोडे दिवस, किंवा जाऊ द्या.

"ड्रीमा, मी इथे होतो. मी इथे बसलो होतो."

ढग खाली होते, इस्पितळाचं हेलिकॉप्टर उतरणार नाही म्हणाले. रुग्णवाहिका आली. शहरातलं मोठं इस्पितळ लांब आहे, आणि अर्धा रस्ता डोंगरातला. सूज जिभेखालून मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद करते, असं डॉकनी मला नंतर सांगितलं. शिकवताना सांगतात तसं सांगितलं, टप्प्याटप्प्याने. ती इस्पितळात पोचली नाही.

मला अजून कुणावर रागवावं ते ठरवता येत नाही. कचेरीवर रागावते, तर तिथली माणसं म्हणतात प्रक्रिया. तपासणीच्या बाईंवर रागावले, तर त्यांनी फुलं पाठवली. गेलेल्या पाचांवर रागावले, तर त्यांतल्या एकाने फोन केला आणि तो फोनवर रडला. शेवटी तिच्यावरच राग येतो. इतरांना एक दिवस थांबू दिलं नाहीस. स्वतःसाठी वेगळा नियम कुठून काढलास? विचारायला ती नाही. ती असती तर म्हणाली असती, कादंबरी, फोन उचल.

दफनानंतर फोन थांबेनात. मी पहिल्याच घंटीला उचलत होते. सगळ्यांचं एकच म्हणणं. काढून टाका. राखलेले सगळे. डॉकना वेळ कधी आहे?

"दुखतंय का तुमचं?" मी विचारायचे.

"नाही दुखत. पण ड्रीमाचं बघितलंस ना."

"ड्रीमाने दुखणं अंगावर काढलं. तुमचं वेगळं आहे. तुमची दाढ वाचते."

"पोरी, वाचवायच्या नादातच गेली ती."

डॉकनी समजावून पाहिलं. काही जण थांबले. बाकीच्यांचे त्यांनी काढले, दुपारी, एकामागून एक. न काढून करतात काय, लोक घरीच पक्कड घेऊन बसले असते. वाचण्यासारखे दात ट्रेमध्ये पडायचे, आणि डॉक प्रत्येकाकडे क्षणभर बघायचे. एक दिवस काम संपल्यावर ते ड्रीमाच्या खुर्चीत येऊन बसले.

"लोकांना भ्यायला लावायचं असतं तर याहून चांगलं जमलं नसतं," ते म्हणाले. "मूर्ख बाई." मग म्हणाले, "हे तिला ऐकू जायला हवं होतं."

परवान्याचा कागद त्याच आठवड्यात आला.

डॉक्टर लिंडक्विस्ट आली तेव्हा तिच्या पायात ड्रीमाने सांगितलेले बूट होते. ती थेट टेबलापाशी आली आणि हसत म्हणाली, "तुम्ही ड्रीमा नाही. आवाजावरून त्या मोठ्या वाटल्या होत्या. कुठे आहेत?"

तिला कोणी कळवलंच नव्हतं. डॉकना वाटलं मी कळवलं, मला वाटलं डॉकनी. मी सांगितलं. कशाने तेही सांगितलं, कारण ते तिला कोणीतरी सांगणारच होतं. ती पेशंटच्या बाकावर बसली. मग म्हणाली, "कोणती दाढ?"

"खालची, उजवीकडची."

"मुळं किती, दोन की तीन? एक्स-रे आहे?" आणि मग तिने तोंडावर हात धरला. मला तिचा राग आला नाही. तिला दुसरं काय विचारता येणार होतं.

दुसऱ्या सकाळी हॉबर्टकाका आले. कोणी बोलावलं नव्हतं. स्वच्छ शर्ट, दाढी केलेली, टोपी गुडघ्यावर. वरच्या खोऱ्यातले तिघे चौघे त्यांच्यामागून आत आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मी म्हटलं, काका, डॉकना सांगू?

"डॉकसाठी नाही आलो."

मी पेन खाली ठेवलं.

"मी गंमत केली होती तिच्याशी," ते म्हणाले. "जिवंत उठलीस तर, असं म्हणालो. माणूस बोलतो तसं."

"माहीत आहे, काका."

"ती शब्द पाळणारी आहे हे मला माहीत होतं ना."

आतलं दार उघडून डॉक्टर लिंडक्विस्ट बाहेर आली. हातमोजे घातलेले, डोळे सुजलेले. तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "आधी कोण येतंय?"

हॉबर्टकाका उठले नाहीत. भिंतीपाशीही कोणी हललं नाही. हॉबर्टकाकांनी माझ्याकडे पाहिलं. आधी बसायला मी नको म्हणाले नसते. पण मी परवाच डॉककडून तपासून घेतलं होतं, आणि माझे बत्तीसच्या बत्तीस दात चांगले आहेत. एकही किडलेला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला त्याची चीड आली.

"आधी ड्रीमा बसणार होती," हॉबर्टकाका म्हणाले. त्यांनी हे त्या मुलीला सांगितलं, समजावून सांगावं तसं. टोपी त्यांनी घातली नाही, खाली ठेवलीही नाही, हातातच फिरवत राहिले.

डॉक्टर लिंडक्विस्ट दार उघडं ठेवून आत गेली. खुर्चीवरचा दिवा लागलेला इकडून दिसत होता. दुपार झाली. हॉबर्टकाका अजून बाकावरच आहेत, आणि त्या खुर्चीत अजून कोणी बसलेलं नाही.